बोट कुणीकडे आहे?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकोल्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा मोठा मेळावा भरतो. गेल्या साली आमच्या वस्तीतली पंचवीस-तीस माणसे, आयाबाया आणि लेकरांसह, भाड्याच्या गाडीने निघालो. अमरावतीच्या इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन केले आणि बडनेऱ्याचा रस्ता धरला.

अमरावती सोडताना अंबादेवीच्या मंदिराची गोष्ट निघाली. ते मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९२७ साली येथे चळवळ उभी राहिली. १३ नोव्हेंबरला इंद्रभुवन थिएटरात भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब होते. आम्ही लेकरांना सांगितले, की आपल्या पणजोबांना तिथली मूर्ती डोळ्यांनी पाहण्याचीही बंदी होती. भांडण देवासाठी नव्हते, माणूस म्हणून बरोबरीने उभे राहण्यासाठी होते. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि आपल्या समाजाने त्या दारापुढची रांगच सोडली.

मूर्तिजापूरच्या पुढे एका गावात चहाला थांबलो. चौकात बाबासाहेबांचा पुतळा होता. निळा कोट, काखेत संविधान, उजव्या हाताचे बोट पुढे. आम्ही सहज लेकरांना विचारले, "हे बोट काय सांगते?" एक म्हणाला, "सर रागावतात तसे." दुसरी म्हणाली, "दिल्ली दाखवतात." चहावाला हसून म्हणाला, "आमच्यासाठी तो पत्ता आहे. पुतळ्यापाशी उतरा, असे पाहुण्यांना सांगतो."

पुतळा एकच, पण ज्याने त्याने आपल्या जगण्यातून पाहिला. दिल्लीला संसदेच्या आवारात शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला असाच पुतळा आहे. त्याचे अनावरण २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. तो ब्राँझचा आहे, त्याचा कोट निळा नाही. गावोगावच्या पुतळ्यांना निळा रंग दिला तो आपल्या माणसांनी. १९४२ सालच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा झेंडा निळा होता, आणि तोच रंग आपल्या डोळ्यांत बसला आहे.

आमच्या सोबतची एक आजी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "बापू, मले वाचता येत नाही. पन त्या बोटाच्या नीट पाहा ना." आम्ही पाहिले. समोर समाजमंदिराची वाचनाची खोली होती. दाराला कुलूप, कुलपाला गंज. पुतळ्याच्या गळ्यात मात्र ताजा हार.

आम्हाला बोलायला तोंड उरले नाही. कारण आमच्या वस्तीतही आम्ही त्याच साली वर्गणी काढली ती पुतळ्याच्या रंगासाठी. अभ्यासिकेचे विजेचे बिल थकले होते आणि पोरे रस्त्यावरच्या दिव्याखाली बसत होती.

अकोल्याला मैदानाच्या वाटेवर फोटो, कॅलेंडर, पुस्तकांची दुकाने लागली होती. एका चित्रात भगवान बुद्धांचा उजवा हात जमिनीला टेकलेला होता. आजीने विचारले, "हे मातीले काहून हात लावते?" आम्ही सांगितले, ही भूमिस्पर्श मुद्रा. ज्ञानप्राप्तीच्या वेळी त्यांनी धरतीला साक्षीला ठेवले, अशी कथा आहे. आजी म्हणाली, "म्हंजे आमच्यावानीच. आमच्या कामाले बी मातीच साक्षी हाये." आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात निंदण केलेल्या बाईने एका वाक्यात त्या चित्राचा अर्थ आपला केला.

सांचीच्या स्तूपावरील जुन्या शिल्पांत बुद्धांची मूर्ती नाही. बोधिवृक्ष, धम्मचक्र, पाऊलखुणा अशा खुणाच आहेत. पाहणाऱ्याने त्या ओळखायच्या आणि विचार करायचा. आपल्या घरातल्या तसबिरीही अशाच खुणा आहेत. त्यांच्यापुढे केवळ मेणबत्ती लावून उठलो, तर ज्या दर्शनाच्या रांगेतून बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढले, त्याच रांगेत आपण पुन्हा उभे राहू.

परतल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही वर्गणी काढली आणि अभ्यासिकेचे बिल भरले. आता दर रविवारी वंदनेनंतर लेकरांना एक चित्र दाखवतो आणि विचारतो, यात तुला काय दिसते? वाचकांनी आपल्या घरी हे करून पाहावे. आणि आपल्या गावचा पुतळा पाहाल तेव्हा त्याच्या बोटाच्या नीट समोर काय आहे, तेही जरूर पाहा.

जयभीम!