बोटीवरची छायाचित्रे आणि आईचा प्रश्न

आमच्या घरी वडिलांचे एकच छायाचित्र आहे. मुंबईच्या कुठल्याशा स्टुडिओत, रंगविलेल्या कमानीच्या पडद्यापुढे, बोटीवरील वाढप्याचा पांढरा पोशाख चढवून ते ताठ उभे आहेत. खानापूर तालुक्यातील आमच्या खेड्यातून ते मुंबईस गेले, गोव्याकडच्या ओळखीच्या लोकांबरोबर धोबीतलावाच्या एका कुडात बोटीची वाट पाहत राहिले, आणि पुढे एकवीस वर्षे परदेशी बोटींवर त्यांनी लोकांना जेवण वाढले. घरी मनिऑर्डर येई, दीड-दोन वर्षांनी ते स्वतः येत, पत्र्याच्या पेटीतून साबण आणि बिस्किटांचे डबे निघत. पण ते जेथे राहिले, जेवले, निजले, ती जागा आमच्या आईने कधी पाहिली नाही. वडील त्याविषयी फारसे बोलत नसत. विचारले तर, "बोट म्हणजे बोट," एवढेच उत्तर मिळे.

हे सारे आज लिहिण्याचे कारण असे की, २०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात आम्ही स्वतः बोटीवर चढलो, आणि तेही वाढावयास नव्हे, तर वाढून घ्यावयास. आमची कन्या डब्लिन येथे परिचारिका आहे. आमच्या विवाहास चाळीस वर्षे झाली म्हणून तिने व जावयांनी भूमध्य समुद्रातील सात रात्रींच्या जलसफरीची तिकिटे काढली. बार्सिलोनाहून निघून मार्सेय, जिनोव्हा, रोमचे बंदर चिव्हितावेक्किया, सिसिलीतील पालेर्मो, माल्टाची राजधानी व्हालेटा आणि पुन्हा बार्सिलोना, असा तो फेरा होता. निघताना आईच्या पाया पडलो. ती म्हणाली, "फोटो पुष्कळ काढ. मला बोट बघायची आहे."

फोटो पुष्कळ काढले. त्यात कसूर केली नाही. पहिल्या दोन दिवसांतच आमच्या फोनमध्ये चारशेच्या वर चित्रे जमा झाली. वाचकहो, हल्लीच्या फोनने चित्र काढणे इतके सोपे आहे की चित्र काढण्यापूर्वी विचार करण्याची सवयच मोडते. पूर्वी रोलमध्ये ३६ चित्रे असत आणि प्रत्येकाला पैसे पडत. माणूस आधी पाहत असे, मग कळ दाबत असे. आम्ही आधी कळ दाबली आणि पाहिले नंतर. पाहिले तेव्हा असे आढळले की निम्म्या चित्रांत समुद्र एका बाजूस कलंडला आहे, जणू पाणी आता ओतून सांडणार. आमच्या मंडळींची जेवढी चित्रे होती तेवढ्यांत त्यांचा चेहरा तव्याच्या बुडासारखा काळा, कारण पाठीमागे लखलखीत आकाश होते. आणि सकाळची सगळी चित्रे धुक्यात काढल्यासारखी, वस्तुतः धुके कोठेच नसताना.

या धुक्याचा उलगडा जावयांनी केला. खोलीतील यंत्राच्या थंडाव्यातून फोन एकदम डेकवरील दमट हवेत आणला की त्याच्या काचेवर बाष्प धरते, थंड पाण्याच्या तांब्यावर धरते तसेच. दहा मिनिटे फोन बाहेरच्या हवेत राहू दिला की आपोआप निवळते. शिवाय समुद्राच्या वाऱ्यातील खारट तुषार त्या इवल्याशा भिंगावर सतत बसत असतात. ते सुती कापडाने किंचित ओलावा देऊन टिपावे लागतात. शर्टाच्या टोकाने खसाखसा पुसू नये. आम्ही तेच करीत होतो.

कलंडणाऱ्या समुद्राला उपाय फोनमध्येच होता. चित्र काढताना पडद्यावर उभ्या-आडव्या रेषा दिसतील अशी सोय असते, ती चालू करावी आणि क्षितिज एका आडव्या रेषेस समांतर ठेवावे. क्षितिज अगदी मधोमध मात्र आणू नये. आकाश सुंदर असेल तर आकाशाला दोन भाग द्यावेत, पाणी सुंदर असेल तर पाण्याला. कठड्यावर फोन टेकवला तर चित्र स्थिर येईल हा आमचा समजही खोटा ठरला. बोटीच्या इंजिनाची थरथर कठड्यात उतरलेली असते. कोपरे छातीशी घट्ट धरून उभे राहणेच बरे. माणसाचे चित्र काढावयाचे तर त्याला छपराच्या सावलीत घ्यावे आणि फोनच्या पडद्यावर त्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवावे, म्हणजे यंत्र चेहऱ्याच्या उजेडाचा हिशेब धरते. रात्री दूरच्या किनाऱ्याकडे तोंड करून झगझगीत दिवा मारणारे पुष्कळ प्रवासी आम्ही पाहिले. तो उजेड फार तर चार-पाच पावले जातो. त्याने किनारा उजळत नाही, शेजाऱ्याचे डोळे मात्र दिपतात.

इतके शिकलो, आणि तरीही मुख्य गोष्ट आम्हांस समजली नव्हती.

मार्सेयला किनाऱ्यावरील जाळे मिळताच आम्ही एकशे चाळीस चित्रे एकदम घरच्या गटावर धाडून दिली. (बोट समुद्रात असताना फोन विमानातल्यासारखा बंद ठेवावा, असा कन्येचा सक्त हुकूम होता. बोटीचे स्वतःचे जाळे असते, आणि फोन न विचारता त्यात शिरला तर बिल पाहून घाम फुटतो.) गावी आमच्या धाकट्या बंधूंच्या फोनला दिवसभर तेच काम झाले. दुसरे दिवशी जिनोव्हाच्या बंदरातून आम्ही घरी बोललो. चित्रे कशी वाटली, असे मोठ्या उमेदीने विचारले. वहिनींनी "छान आहेत, भावोजी," म्हटले, आणि फोन आईकडे दिला.

आई म्हणाली, "अरे, पाणीच पाणी आहे. समुद्र मी कारवारला बघितला आहे. यात माणसे कुठे आहेत? तुझे वडील कुठे निजत होते?"

आम्हांस उत्तर सुचेना. ऐंशी उलटून गेलेल्या बाईला एकशे चाळीस चित्रांत तिला हवे ते एकही सापडले नव्हते.

त्या रात्री जेवताना ही गोष्ट निघाली, तेव्हा कन्येने फादर फ्रान्सिस ब्राऊन यांची हकिगत सांगितली. आयर्लंडात त्यांचे नाव पुष्कळांस ठाऊक आहे. हे येशूसंघाचे. १९१२ साली ते ३२ वर्षांचे असून धर्मशास्त्र शिकत होते. गुरुदीक्षा अद्याप व्हावयाची होती. त्यांचे चुलते क्लॉइनचे बिशप. त्यांनी पुतण्याला टायटॅनिक बोटीच्या पहिल्या टप्प्याचे तिकीट दिले: १० एप्रिलला इंग्लंडातील साउदॅम्प्टन, वाटेत फ्रान्समधील शेरबूर, आणि ११ एप्रिलला आयर्लंडातील क्वीन्सटाउन, ज्यास आज कोव्ह म्हणतात. ब्राऊन यांच्या गळ्यात कॅमेरा होता. बोटीवर एका श्रीमंत अमेरिकन जोडप्याशी त्यांची ओळख झाली आणि, पुढे न्यूयॉर्कपर्यंत चला, खर्च आम्ही करतो, असे ते जोडपे म्हणाले. ब्राऊन यांनी तारेने आपल्या प्रांताधिकाऱ्यांची परवानगी विचारली. उत्तर चारच शब्दांचे आले: त्या बोटीवरून ताबडतोब उतरा, असा त्याचा आशय होता. ते उतरले. चार दिवसांनी बोट बुडाली, आणि सुमारे दीड हजार माणसे गेली. ती तार फादरांनी जन्मभर पाकिटात बाळगली म्हणतात.

परंतु कन्येला सांगावयाचे होते ते निराळेच. त्या एका दिवसात ब्राऊन यांनी काय टिपले? व्यायामशाळा. वाचनाची खोली. डेकवर भोवरा फिरविणारा एक लहान मुलगा आणि ते पाहणारे त्याचे वडील. बिनतारी यंत्राच्या खोलीत पाठमोरा बसलेला तारमास्तर. या चित्रात एकावर एक दोन छाया पडल्या आहेत, म्हणजे कारागिरीच्या दृष्टीने ते बिघडलेले, पण त्या खोलीचे दुसरे चित्र जगात नाही. बोट म्हणजे ज्यात माणसे राहतात ते घर, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९१५ साली त्यांना दीक्षा मिळाली, पहिल्या महायुद्धात ते सैनिकांचे फादर होते, आणि १९६४ साली निवर्तले. १९८५ च्या सुमारास त्यांच्या संघबंधूंना एका पेटीत त्यांच्या सुमारे ४२,००० निगेटिव्हज सापडल्या. आयुष्यभर ते टिपतच राहिले होते.

"बाबा, उद्यापासून आजीसाठी काढा," कन्या म्हणाली. "जगासाठी नको."

दुसऱ्या दिवशी आम्ही रोमला जाऊन आलो. सिस्टीन चॅपेलमध्ये छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. तरी माणसे फोन कमरेशी धरून चोरून काढतात, आणि छताऐवजी पुढच्याची मान टिपतात. आम्ही वर पाहत राहिलो. मान दुखली, पण पाहिले ते आठवते.

त्यानंतर मात्र आमची चित्रे पालटली. आईसाठी काढावयाचे ठरले की काय काढावे हा प्रश्नच उरत नाही. खोलीतील पलंग, आणि त्याच्या शेजारी उभे राहिलेले आमचे कुटुंब, म्हणजे आईला लांबीरुंदी कळावी. न्हाणीघर, ज्यात वळले की कोपर आपटते. वादळात ताटे घसरू नयेत म्हणून लावलेली फळीची कड. टॉवेलची घडी घालून केलेला हत्ती. संकटप्रसंगी कोणी कोठे उभे राहावे याचा सराव, त्यात केशरी जाकीट गळ्यात घालून गंभीर चेहऱ्याने उभे असलेले जावई. पालेर्मोच्या धक्क्यावर दोर ओढणारे खलाशी.

व्हालेटास बोट पहाटे शिरणार होती. आम्ही अंधारातच वरच्या डेकवर जाऊन उभे राहिलो. तेथे वाऱ्यासाठी काचेची भिंत असते. तिच्यातून चित्र काढावयाचे तर फोन काचेला चिकटवून धरावा, नाहीतर आपलेच प्रतिबिंब येते. बोट दोन किल्ल्यांच्या मधून आत घेतात: उजवीकडे सेंट एल्मो, डावीकडे रिकासोली. सूर्य पाठीमागून वर आला आणि उजवीकडचे सारे तट, बुरूज, घुमट एकदम मधाच्या रंगाचे झाले. माल्टाचा चुनखडी दगड मुळातच पिवळसर. सकाळी आणि सायंकाळी त्याला रंग चढतो, दुपारी तोच पांढराफटक दिसतो. बाराशे-पंधराशे प्रवासी त्या वेळी खाली झोपले होते. प्रवासातील उत्तम चित्रासाठी महागडे यंत्र लागत नाही, पहाटे उठावे लागते, एवढे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. येथेही आम्ही नुसते बुरूज टिपले नाहीत. पुढे कठडा, कठड्याशी शाल लपेटलेली आमची मंडळी, आणि तिच्या पलीकडे शहर. माणूस पुढे असला की शहर किती उंच आहे ते कळते.

उरला आईचा खरा प्रश्न. आमच्या टेबलावर वाढणारा तरुण साष्टीकडचा होता, हे पहिल्याच संध्याकाळी त्याच्या बोलण्यावरून कळले होते. वाढून झाल्यावर त्याचे चित्र काढू का, असे आम्ही विचारले. तो संकोचला. साहेबांना विचारून सांगतो म्हणाला. परवानगी घेऊन दुसऱ्या दिवशी हातात तबक धरून तो उभा राहिला, आणि म्हणाला, "अंकल, घरच्यांना दाखवा, पण सगळ्या जगाला नको." आम्ही तसे वचन दिले. ते आजही पाळले आहे. हा लेख लिहितानाही ते चित्र संपादकांकडे धाडलेले नाही. दुसऱ्याचा चेहरा ही त्याची वस्तू आहे. आपल्या फोनमध्ये आला म्हणून तो आपला होत नाही.

त्याला वडिलांविषयी सांगितले. खाली, जेथे नोकरमाणसे राहतात, तेथे प्रवाशांस जाता येत नाही. तो काही बोलला नाही. सातव्या दिवशी बोट बार्सिलोनाकडे परतत होती, किनारा कोठेच नव्हता. रात्री कॉफी देताना त्याने खिशातून फोन काढला आणि एक चित्र आमच्या फोनवर धाडले. स्वतःच काढलेले. एकावर एक दोन बिछाने, खालच्याला निळा पडदा, उशाशी लहानसा दिवा, भिंतीला चिकटविलेले पवित्र मातेचे चित्र, आणि खुंटीवर पांढरा कोट.

घरी परतल्यावर आम्ही सगळी चित्रे पुन्हा पाहिली. अकराशे होती. त्यातून चोवीस निवडली आणि बेळगावात नेऊन कागदावर छापून घेतली. गटावर पाठविलेले चित्र वाटेत आक्रसून जाते, मोठे करून पाहिले की फुटते. छापण्यासाठी मूळ चित्रच द्यावे लागते. उरलेली गटावर टाकली नाहीत. आणि एक सांगावयाचे राहिले: घराला कुलूप असताना, आम्ही आज अमुक देशात आहोत, असे चारचौघांत जाहीर करणे शहाणपणाचे नाही. आमच्या पुतण्याने तसे केले होते. बंधू घरी होते म्हणून निभावले.

आईने चोवीस चित्रे मांडीवर घेऊन एकेक पाहिली. व्हालेटाचे बुरूज पाहून "छान" म्हणाली. हत्ती पाहून हसली. दोन बिछान्यांच्या चित्राशी थांबली. चष्मा काढून, पुसून पुन्हा लावला. आजची बोट आणि साठ वर्षांपूर्वीची बोट यांत फरक असणार, त्या काळी एका खोलीत कदाचित अधिक माणसे असतील, हे आम्हांस सांगावेसे वाटले, पण सांगितले नाही.

तिने अंगठा आणि करंगळी ताणून कागदावरच्या बिछान्यावर वीत ठेवली. मग भिंतीवरच्या वडिलांकडे पाहिले.

"एवढ्या उंच माणसाचे पाय बाहेरच येत असणार," ती म्हणाली. "कधी बोलले नाहीत."