साबणाचे गुलाब
आम्हा इंदूरच्या मराठी घरांत नरकचतुर्दशीचा मान मोती साबणाचा. गुलाब नाहीतर चंदन. तेल-उटणं झालं की गोल वडी हाती यायची, आणि ती झिजवायचीच. पुढे भाऊबीजेला साबणाच्या गुलाबांचे डबे येऊ लागले. पाकळ्या कागदासारख्या पातळ. एक पाकळी कोमट पाण्यात चोळली की संपली. पण आईचं एकच, "इतकं देखणं कुणी वापरतं का गं?"

मामाने ओवाळणीत दिलेला डबा ती गेल्यावर कपाटात सापडला. चिकटपट्टीसुद्धा तशीच, सुवास मात्र उडालेला. यंदा पहाटे तो उटण्याच्या वाटीशेजारी ठेवला. मुलांनी पाकळी-पाकळी करत संपवला.

मंडळी, साबण विरघळण्यासाठीच असतो. तुमच्या कपाटातला डबा आईच्या हाती द्या, ती आहे तोवर.