पाचव्या तासाची झोप



खिचडी खाऊन झाली की पाचव्या तासाला वर्ग कसा होतो, हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या सातवीतला एक मुलगा तर रोज बाकावर डोकं टेकायचा. मी त्याला उभं करायचे. एकदा सगळ्यांसमोर विचारलंही, "रात्रभर काय करतोस रे?" वर्ग हसला. तो गप्प. पालकसभेला त्याची आई आली तेव्हा कळलं, पहाटे चारला उठून तो वडिलांबरोबर दुधाच्या पिशव्या टाकायला जातो. अभ्यास रात्री दहानंतर. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

मग मी झोपेबद्दल वाचू लागले. १९२४ साली अमेरिकेत जेन्किन्स आणि डॅलेनबाख या मानसशास्त्रज्ञांनी दोन विद्यार्थ्यांना अर्थहीन अक्षरं पाठ करायला लावली. पाठांतरानंतर झोपले की ते कमी विसरायचे, जागे राहिले की जास्त. नव्याने शिकलेलं आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या आधाराने टिकतं. गाढ झोपेत मेंदू ते पुन्हा पुन्हा घोळवतो आणि पक्कं करतो. म्हणजे आपण वर्गात घेतो ती उजळणीच की!

बालवाडीच्या ताईंनी हे जरूर वाचावं. २०१३ च्या एका अमेरिकन अभ्यासात लहान मुलांना चित्रांच्या जागा लक्षात ठेवायचा खेळ दिला होता. दुपारी झोपल्यावर मुलांना जास्त जागा आठवल्या. दुपारची झोप हुकली, तर नुसत्या रात्रीच्या झोपेने ते नुकसान भरून निघालं नाही. विशेषतः रोज दुपारी झोपणाऱ्या मुलांचं.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. आमच्या या पठ्ठ्याला पाच-सहा मिळत होती. आणि आपण पालक परीक्षेच्या आदल्या रात्री मुलांना चहा पाजून जागवतो!

दुधाची लाईन बंद करा, असं मी कोणत्या तोंडाने सांगणार? घर त्यावर चालतं. गणिताचा तास तेवढा सकाळी घेतला. त्याचा गृहपाठ शाळेतच करून घेते. मधल्या सुट्टीत वाचनालयाच्या कोपऱ्यात सतरंजीवर वीस मिनिटं झोपू देते. त्याहून जास्त नाही, गाढ झोपेतून उठवलं की मूल आणखी पेंगतं. सहकारी हसले, हसू देत. आता तो नऊला झोपतो, असं आई म्हणाली. तरी सातच तास होतात.

गुणांत अजून फारसा फरक नाही. पण परवा अपूर्णांकाचं उदाहरण सोडवायला तो आपणहून फळ्यापाशी आला. छेद काढताना चुकला, मग स्वतःच पुसून पुन्हा मांडलं.