डिपोज

जालना रोडवर, खंडपीठाजवळच्या एका वकिलांकडे मी भाषांतराला लागले तेव्हा माझं भांडवल मराठीतली एम. ए. आणि मोबाईलमधला शब्दकोश एवढंच. १९८१ पासून इथं मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. खालच्या कोर्टातली मराठी साक्ष वर जाताना इंग्रजीत करायची, वरचा इंग्रजी निकाल पक्षकाराला मराठीत सांगायचा, असं काम. बांधाच्या दाव्यातला निकाल हाती आला : 'पीडब्ल्यू टू डिपोज्ड दॅट...' पीडब्ल्यू म्हणजे वादीचा साक्षीदार, हे टायपिस्टनं सांगितलं. डिपोज? शब्दकोश म्हणाला, पदच्युत करणे. साक्षीदार तलाठी होता, म्हणजे पदही होतंच! मी बिनधास्त लिहून दिलं. आमचे पक्षकार प्रतिवादी, कन्नडकडचे काका. कागद वाचून त्यांचा चेहरा खुलला. "ताई, तलाठ्याला घरी बसवलं व्हय? लई बेस झालं!"

"अगं, डिपोज म्हणजे शपथेवर साक्ष देणं," वकीलसाहेब कपाळ चोळत म्हणाले. "शपथपत्राखाली 'डिपोनंट' असतं ना, तो हाच." उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी स्वतः त्या शब्दावर सही केली होती. मला ते स्टॅम्पवाल्याचं आडनाव वाटलं होतं.

मग मला हा शब्द सगळीकडे वापरायची हौस आली. पोलिसांसमोरच्या जबाबालाही मी 'डिपोज्ड' ठोकलं. साहेबांनी लाल रेघ मारली. पोलीस जबाब लिहून घेतात तेव्हा शपथ देत नाहीत; तिथं साधं 'स्टेटेड'. पिंजऱ्यात उभं राहून, शपथ घेऊन बोलला, की 'डिपोज्ड'. सरतपास असो की उलटतपास. शपथेचं एवढं वजन एका क्रियापदावर असतं, हे मला एम. ए. होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

पण शब्दकोशही खोटा नव्हता. दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबानं अबुल हसन कुतुबशहाला तिथं कैदेत ठेवलं, आणि तो कैदेतच वारला. भिंतीवर निळ्या-पांढऱ्या चिनी फरशांचे थोडे तुकडे अजून दिसतात. गादीवरून उतरवलेला तो खराखुरा 'डिपोज्ड' राजा. तिथंच उभं राहून मी नियम बसवला : पुढं 'दॅट' आलं तर साक्ष, पुढं माणूस आला तर गादी गेली. चुलतभावाला व्हॉट्सअॅपवर रुबाबात वाक्य पाठवलं : 'औरंगजेब डिपोज्ड अबुल हसन'.

तो अमेरिकेत एका वकिली कंपनीत संगणक सांभाळतो. तिकडं खटल्याची सुनावणी सुरू होण्याआधी कोर्टाबाहेर वकीलच साक्षीदाराला शपथेवर प्रश्न विचारतात, त्यालाही साक्षीदाराला 'डिपोज' करणं म्हणतात. माझ्या नियमातलं माणसाचं कलम तिथंच बाद. त्याचं उत्तर आलं : "ताई, औरंगजेबाकडून वकील कोण होता?"