ममदापूरची हरणं आणि मिठाची वीट

ईदच्या सुटीत आम्ही नाशिक रोडहून रेल्वेने मनमाडला उतरलो आणि गाडीने येवला तालुक्यातल्या ममदापूरला गेलो. काळविटांसाठी राखलेलं हे माळरान. गवतात सोडियम कमी असतं, म्हणून हरणं मीठ शोधतात, हे मुलांनी शाळेत ऐकलं होतं. त्यांनी हट्टाने जनावरांची चाटण-वीट सोबत घेतली होती.

वनरक्षकाने वेष्टण वाचलं. "हिच्यात युरिया आहे. गाईला मोजून चालतो, हरणाला विषबाधा होऊ शकते."

मग त्याने समजावलं. चाटण ठेवायची ती वनखात्यानेच. पाणवठ्यापासून थोडी दूर, उंचवट्यावर, म्हणजे मीठ विरघळून पाण्यात उतरत नाही. गुरांच्या वाटेवर नको, लाळेतून रोग पसरतात. शेताजवळ नको, पिकं जातात. रस्त्यालगत तर नकोच.

"आणि हरीण रोज कुठे येतं, हे शिकाऱ्यालाही कळतं," तो म्हणाला.

धाकटीचा चेहरा उतरला. परतताना तिने ती वीट गावातल्या एका म्हैसवाल्या चाचांना दिली. आमची नियत चांगली होती. पण मुक्या जिवाचं भलं करायचं तर आधी विचारावं, एवढं आम्ही शिकून आलो.