कमरेवरचा क्रम

चि. भाच्यास,


तुझं पत्र मिळालं. चालता-फिरता वाजवायचं म्हणून बारा कप्प्यांचा कमरपट्टा शिवून घ्यायचा तुझा बेत आहे आणि बाराच्या बारा माउथ ऑर्गन त्यात मावतील का, असं तू विचारतोस. मावतील. माझं मत मात्र असं की पट्टा हवाच, पण बारा नकोत. आणि किती न्यायचे यापेक्षा ते कोणत्या क्रमाने लावायचे, हे आधी ठरायला हवं. क्रम बरोबर लागला की आकडा आपोआप खाली येतो.

मुळात एकापेक्षा जास्त बाजे लागतात ते या वाद्याच्या घडणीमुळे. होनर कंपनीने ट्रॉसिंगेनमध्ये 1896 साली ‘मरीन बँड’ काढला, त्याच जातीचा तुझा बाजा आहे: दहा भोकं, वीस रीड, प्रत्येक भोकात एक सूर फुंकून आणि एक ओढून. एका बाज्यात एकाच पट्टीचे शुद्ध सूर. तेही सगळे नाहीत. तळच्या सप्तकात मध्यम आणि धैवत बेंड केल्याशिवाय, म्हणजे श्वासाने सूर खाली ओढल्याशिवाय, मिळत नाहीत. म्हणजे गायकाने पट्टी बदलली की तुला बाजा बदलावा लागणार. बैठकीत हे अवघड नसतं, बाज्यांची पेटी उघडून समोर ठेवता येते. चालणाऱ्याला टेबल नसतं. खिशात टाकावेत तर कापडाचा बारीक धागासुद्धा रीडमध्ये अडकून सूर बंद पाडतो, आणि चुकून वर बसलं की वरचा पत्रा दबतो. बॉब डिलनसारखा गळ्यातला होल्डर वापरलास तरी त्यात एका वेळी एकच बाजा बसतो, बाकीचे कुठे ठेवायचे हा प्रश्न उरतोच. राहता राहिला अंगावरचा पट्टा. ‘ब्लूज ट्रॅव्हलर’ बँडचा जॉन पॉपर तर कप्प्याकप्प्यांचं जाकीटच घालून उभा राहायचा. काहींना त्यात दिखावा दिसतो, मला तसं वाटत नाही. इतक्या वेगाने वाजवणाऱ्याला दोन कडव्यांच्या मधल्या श्वासाएवढ्या वेळात दुसरा बाजा हाती यावा लागतो. शिवाय अंगालगत राहिलेला बाजा उबदार राहतो. थंड रीडवर श्वासातली वाफ साचते आणि सूर उशिरा बोलतो, तो त्रास इथे कमी होतो.

आता क्रमाकडे येते. बहुतेक जण पट्ट्यात बाजे हार्मोनियमच्या पट्ट्यांच्या ओळीने लावतात: पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, असे. डोळ्यांना हे सोयीचं वाटतं, पण हाताला त्यातून काहीच कळत नाही. एकच बाजा तीन ठिकाणांहून वाजवता येतो, हे तुला ठाऊक आहे. पांढरी एकचा बाजा त्याच पट्टीत वाजवलास की बिलावल थाट मिळतो. त्याच्या पंचमाला षड्ज मानलंस, म्हणजे पांढरी पाचमध्ये वाजवलास, तर निषाद कोमल होऊन खमाज थाट. ब्लूजवाले ज्याला क्रॉस हार्प म्हणतात ते हेच. रिषभाला षड्ज मानलंस, म्हणजे पांढरी दोनमध्ये, तर गंधार-निषाद कोमल, काफी थाट. मग बाजे पंचमाच्या साखळीने लावून बघ. डावीकडून पांढरी चार, पांढरी एक, पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा. गाणं पांढरी पाचमध्ये आहे असं धर. त्याच कप्प्यातला बाजा सरळ वाजेल, त्याच्या डावीकडचा, पांढरी एकचा, खमाजाच्या अंगाने वाजेल आणि त्याच्याही डावीकडचा, पांढरी चारचा, काफीच्या अंगाने. गाणं पांढरी सहामध्ये गेलं तरी नियम तोच: तिथून एक घर डावीकडे, दोन घरं डावीकडे. जे गणित रंगमंचावर मनात करावं लागतं ते पट्टाच करून ठेवतो, हाताने फक्त सरकायचं. आणि या पाच बाज्यांतून सातही पांढऱ्या पट्ट्या निघतात. पांढरी तीन आणि पांढरी सात यांचे स्वतंत्र बाजे नसूनही. त्या दोन पट्ट्यांत सरळ शुद्ध सूर मिळणार नाहीत, हे खरं. पण गिटारच्या साथीने ब्लूज किंवा लोकगीतं वाजवणाऱ्याला पांढरी तीनमध्ये नेमका कोमल निषादच हवा असतो.

तू म्हणशील, आपले गायक पांढऱ्यांवर थोडेच गातात? रास्त शंका आहे. आपल्याकडे पुरुषांची काळी एक, बायकांची काळी चार किंवा काळी पाच नेहमीची. पण म्हणून बाराही बाजे बांधायला नकोत. काळ्यांची साखळी लाव: काळी तीन, काळी एक, काळी चार, काळी दोन, काळी पाच. पाचही काळ्या मिळतात, आणि वर पांढरी चार व पांढरी एकही निघतात. कार्यक्रम पाहून एक साखळी निवडायची. दुसरा आक्षेप क्रोमॅटिकचा: बटण दाबलं की बाराही सूर देणारं वाद्य असताना ही यातायात कशाला? लॅरी अ‍ॅडलर, टूट्स थीलमन्स, स्टीव्ही वंडर यांनी क्रोमॅटिकला फार मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली आणि रागाच्या अंगाने वाजवायचं असेल तर मीही तुला तेच घ्यायला सांगेन. पण दहा भोकांच्या बाज्यातला तो खोल, ओढलेला बेंड त्यात तसा येत नाही, बटणाला एक बोट कायमचं द्यावं लागतं आणि आतल्या झडपा ओलीने चिकटतात. स्टुडिओतलं वाजवणं वेगळं: ‘सोलवाँ साल’ चित्रपटात चालत्या गाडीतल्या गाण्यात जो माउथ ऑर्गन ऐकू येतो तो राहुलदेव बर्मन यांनी वाजवला आहे. पडद्यावर गाडी चालते, वादक मात्र स्टुडिओत स्थिर असतो. तुला खरोखर चालायचं आहे.

शिवताना एवढं बघ. कप्पे ताठ कापडाचे, वर झाकण, तळाशी जाळी, म्हणजे ओल निघून जाईल. सगळ्या बाज्यांचं खालच्या सुरांचं टोक एकाच बाजूला राहू दे. घाईत बाजा उलटा हाती येणं ही चुकीची पट्टी निवडण्याइतकीच मोठी फजिती. पट्टीचं अक्षर पत्र्यावर बारीक कोरलेलं असतं, अंधुक उजेडात ते वाचता येत नाही. तेव्हा जागा पाठ हवी. गिटार पोटावर येत असेल तर पट्टा उजव्या कुशीकडे सरकव. आणि सहावा कप्पा मागे, साखळीबाहेर ठेव. जो बाजा सर्वांत जास्त वाजतो त्याचा त्याच पट्टीतला जोडीदार तिथे राहील, कारण सतत बेंड करून आधी त्याचीच रीड थकते.

शिंप्याकडे लगेच जाऊ नकोस. ज्यांच्याबरोबर वाजवणार आहेस त्यांच्या गाण्यांच्या पट्ट्या आधी लिहून काढ आणि ती यादी मला पाठव. कापड त्यानंतर घे.

तुझी,
मावशी