पुढच्या उन्हाळ्यात

‘विसरलेली मोटार’ हा शब्दप्रयोग जुन्या अमेरिकन मोटारींच्या शोधात हिंडणाऱ्या माझ्या सहव्यसनी मंडळींत फार रूढ आहे. कोणाच्या तरी कोठारात चाळीस वर्षे पडून राहिलेली पॅकार्ड किंवा हडसन हाती लागली, की तिचे धनी तिला कसे पार विसरून गेले होते, हे ते मोठ्या आनंदाने सांगतात. माझा मात्र या शब्दावर मुळीच विश्वास नाही. वीस वर्षांच्या भटकंतीत गंजलेल्या, मोडलेल्या, उंदरांनी पोखरलेल्या मोटारी मला पुष्कळ भेटल्या. विसरलेली एकही भेटली नाही.

व्यवसायाने मी यंत्रांचा माणूस. पोटापाण्यासाठी पुणे सोडून इंडियाना राज्यात स्थायिक झालो, आणि तेथे हा छंद जडला. आमच्या घरातून त्याला ‘भंगार गोळा करणे’ असे सुटसुटीत नाव मिळाले आहे. आणि आमच्या अंगणाकडे पाहता ते अगदीच अन्यायाचे आहे असे म्हणवत नाही.

या शोधाचा खरा हंगाम पानगळीनंतरचा. उन्हाळ्यात येथील वेली-झुडपे कोठारांमागचे सारे काही पोटात घेतात. नोव्हेंबर उजाडला, फांद्या उघड्या पडल्या, की आडरस्त्याने जाताना एखादे वाटोळे छप्पर, डोहात बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखे, अचानक गवतातून वर आलेले दिसते. टपालवाल्याची ओळख या कामी दहा जाहिरातींहून मोलाची. कोणाच्या घरामागे काय पडले आहे, हे त्याच्याइतके गावच्या पाद्र्यालाही ठाऊक नसते. मग पुढच्या दाराशी जाऊन सरळ दार ठोठवावे. मागच्या अंगाने डोकावणे असभ्यपणाचे तर खरेच, शिवाय या देशात बंदुकाही पुष्कळ घरांतून असतात! दार उघडते, आपण नम्रपणे चौकशी करतो, आणि दहांपैकी आठ वेळा एकच उत्तर मिळते: “विकायची नाही. मला ती दुरुस्त करायची आहे. पुढच्या उन्हाळ्यात.”

हे ऐकून माझे मित्र हसतात. जिच्या तळातून झाड उगवून वर आले आहे, त्या मोटारीला पुढचा उन्हाळा कोठला? पण मला त्या उत्तरातली तत्परता विचार करावयास लावते. विसरलेल्या वस्तूविषयी कोणी इतक्या झटकन ‘नाही’ म्हणत नाही.

नेब्रास्कातील पीअर्स नावाच्या लहानशा गावी रे लॅम्ब्रेख्ट आणि त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड यांनी १९४६ पासून पन्नास वर्षे शेव्हरोलेची पेढी चालविली. बदल्यात आलेल्या जुन्या मोटारी, आणि न खपलेल्या काही नव्यादेखील, ते ठेवून देत गेले. सप्टेंबर २०१३ मध्ये त्यांतल्या सुमारे ५०० मोटारींचा लिलाव झाला, तेव्हा हजारो लोक त्या गावात लोटले. १९५८ सालचा कॅमिओ ट्रक, जन्मात १.३ मैल चाललेला, १ लाख ४० हजार डॉलरांस गेला. आमच्या मंडळींत त्या मोटारी अजून ‘विसरलेल्या’ म्हणूनच ओळखल्या जातात. पाचशे मोटारी कोणी विसरतो काय? त्या लिलावाचा एक परिणाम मात्र मला अद्याप भोवतो: ज्याच्या अंगणात गंजकी शेव्हरोले आहे, तो प्रत्येक शेतकरी आता लाखाखाली बोलत नाही.

२०१४ साली साउथ बेंड शहराजवळच्या एका शेतावर मला १९५० सालची स्टुडबेकर चँपियन आढळली. बंदुकीच्या गोळीसारखे पुढे आलेले नाक आणि पाठीमागे तीन बाजूंनी वळसा घेणारी काच. या घाटाच्या मोटारी पाहून ‘ही येते आहे की जाते आहे?’ असा विनोद त्या काळी लोक करीत. धनी ऐंशीच्या घरातले. “पुढच्या उन्हाळ्यात,” ते म्हणाले. मी वर्षातून दोनदा त्यांच्याकडे जाऊ लागलो. मोटारीचा विषय काढीत नसे. कॉफी घेऊन परत येत असे. तिसऱ्या वर्षी त्यांनी आपण होऊन कोठाराचे दार उघडले.

अशा वेळी माझ्या खिशात एक चुंबक असते. पत्रा गंजून गेला आणि वर लांबी भरून रंग दिला, तर चुंबक तेथे धरत नाही. या भागात हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मोटारीस खालून खाते. म्हणून रंग मागाहून पाहावा, आधी जमिनीवर उताणे पडावे. मी पडलो. तळाचा पत्रा दोन ठिकाणी गेला होता, पण सांगाडा शाबूत होता. सहा सिलिंडरांचे इंजिन गच्च अडकलेले. मागचे डावे चाक नव्हते. आस लाकडी ठोकळ्यावर टेकलेला. शेजारच्या फळीवर ब्रेकचा ड्रम आणि कॉफीचा एक रिकामा डबा होता. डब्यात नटबोल्ट, आणि वर कागदाची चिठ्ठी: ‘मागील डावे’. अक्षर वडिलांचे.

वडील स्टुडबेकरच्या कारखान्यात कामाला होते. १८५२ साली छकडे-गाड्या बांधण्यापासून सुरू झालेल्या त्या घराण्याने ९ डिसेंबर १९६३ रोजी साउथ बेंडचे उत्पादन थांबवीत असल्याचे जाहीर केले, आणि त्याच महिन्याच्या २० तारखेस तेथली शेवटची मोटार बाहेर पडली. निवृत्तिवेतनाच्या निधीत पुरेसा पैसा नव्हता. साठी गाठलेल्यांना पूर्ण वेतन मिळाले. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या चार हजारांवर कामगारांना हक्काच्या सुमारे १५ टक्के रक्कम देऊन वाटेस लावण्यात आले. बाकीच्यांना काहीच नाही. कामगारांच्या निवृत्तिवेतनास संरक्षण देणारा १९७४ चा अमेरिकन कायदा झाला, त्यामागे हे प्रकरण होते. वडील तेव्हा एक्कावन्न वर्षांचे होते. मोटार त्यांनी विकली नाही. १९७१ च्या शरदात गळणारा ब्रेक दुरुस्त करावयास त्यांनी ड्रम उतरविला, आणि थंडी संपण्यापूर्वीच ते गेले.

या मोटारीचा मागचा ड्रम निमुळत्या आसावर इतका घट्ट बसतो, की तो काढावयास खास अवजार लागते. अवघड काम वडिलांनी केलेच होते. उरले होते ते दोन दिवसांचे. आणि मुलाला ते सेहेचाळीस वर्षांत झाले नाही. का, ते मी विचारले नाही.

किमतीची गोष्ट निघाली तेव्हा मी हिशेब मांडून दाखविला. आहे तशी तिचे दोन हजार डॉलर फार झाले. नुसत्या क्रोमच्या मुलाम्यास त्याहून अधिक पडतील. त्या वर्षी कंपनीने तीन लाखांहून जास्त मोटारी काढल्या, तेव्हा ती दुर्मिळ म्हणता येत नाही. सगळा जीर्णोद्धार करून विकली तरी खर्च निघावयाचा नाही.

“मग तुम्ही का घेता?” त्यांनी विचारले.

या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या घरीही कधी देता आलेले नाही, असे मी सांगितले. ते प्रथमच हसले. मग त्यांनी एकच अट घातली: इंजिन हेच राहावे. हल्ली येथे रीत अशी, की जुने इंजिन अडले, की ते टाकून शेव्हरोलेचे आठ सिलिंडरांचे बसवायचे. स्वस्त पडते, आणि मोटार धावतेही जोरात. मी शब्द दिला. मालकीचा दाखला वडिलांच्याच नावावर होता; वारसाचे कागद होईपर्यंत चार महिने गेले. मोटार ट्रेलरवर चढली तेव्हा ते कोठारात उभे राहिले, बाहेर आले नाहीत. डबा मात्र त्यांनी आधीच माझ्या हाती दिला होता.

स्पार्क प्लग काढून सिलिंडरांत तेल सोडायचे, वाट पाहायची आणि चक्र हाताने किंचित हलवून पाहायचे, हा क्रम मी सात आठवडे चालविला. आठव्या आठवड्यात ते बोटभर हलले. त्यानंतर गरीब बिचाऱ्या माझ्या पगारातून पत्रा आला, तारा आल्या, कातडी आसने आली नाहीत. कामाला वर्षे लागली आणि अजून लागत आहेत. ते आता नव्वदीला टेकले आहेत, कानांनी कमी ऐकू येते. पण दर रविवारी त्यांचा फोन येतो. इंजिनाविषयी, रंगाविषयी ते कधी विचारीत नाहीत. “मागच्या डाव्याचे काय झाले?” एवढेच. ब्रेकच्या नळ्या काल टपालाने आल्या. या रविवारी तेवढे सांगता येईल.